टॉर्चनं उजेडच द्यावा

नाही बाई, तसं नका लिहू. तुम्ही लिहिलंत 'सोय आवडली नाही' — मी तसं म्हटलंच नाही. मी म्हटलं, टॉर्चनं उजेड द्यावा. बस्स. तिच्या बुडाला ते रबराचं झाकण, झाकणाखाली भोक, भोकात वायर खुपसायची आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला फोन लोंबकळत ठेवायचा — हे नको. का नको म्हणता? राशिदियाहून एवढ्या लांब आलात, टॉर्चांचं खोकं घेऊन, प्रश्नांचे कागद घेऊन, आणि नववा प्रश्न काय, तर 'टॉर्चमधून फोन चार्ज करता यावा का'. मोठ्या शहरात बसून ज्यानं हा प्रश्न काढला, तो कधी जमिनीखाली चौदा मीटर उतरला असेल का? नसेल. तुम्ही? नाही ना. बसा मग. त्या दगडावर नको, तो ओला आहे. इथे बसा.

आधीचे सगळे प्रश्न भरले ना? नाव हद्दू. वय — एकसष्ट लिहा, एखादं वर्ष इकडेतिकडे. काम, खत्तारा साफ करणं. खाली उतरतो मी, वर दोरीवर बासू. घरात माणसं दोन, मी आणि इत्तो. मुलं नाहीत. हो, नाहीत असंच लिहा, त्यात विचारण्यासारखं काय आहे.

हे पाणी बघताय ना, हे बोटभर? हे आमचं सगळं गाव. खत्तारा म्हणजे हीच, डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीच्या पोटातून पाट काढलाय, आमच्या पणज्याच्या पणज्यांनी हातानं खोदलेला, आणि दर चाळीसेक पावलांवर वरून एक विहीर खाली सोडलीय, माती उपसायला. ते मातीचे उंचवटे दिसतात ना रांगेत, मुंग्यांच्या वारुळासारखे, त्या त्या विहिरी. पंचेचाळीस आहेत. पाट दरवर्षी गाळानं भरतो, छत ढासळतं, मुळं आत शिरतात. माणूस आत गेला नाही तर पाणी येत नाही, आणि पाणी आलं नाही तर खजूर नाहीत, लसूण नाही, काहीच नाही. चाळीस वर्षं मी आत जातोय. माझा बाप कार्बाइडचा दिवा घेऊन उतरायचा. वास घाण यायचा, डोळे चुरचुरायचे, पण त्या दिव्याला एकच काम माहीत होतं. त्याच्यातून कोणी दुसरं काही काढून नेऊ शकत नव्हतं. मला तेवढंच म्हणायचंय.

बासू कोण? बासू माझ्या बहिणीचा नवरा, तूदाचा. तेहतीस वर्षं तो माझ्या दोरीच्या वरच्या टोकाला आहे. आता — होता. एक झटका म्हणजे बादली ओढ, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मला वर घे. तेहतीस वर्षांत त्यानं एक झटका चुकवला नाही. एकदा त्याला ताप होता, दात वाजत होते, तरी रहाट सोडला नाही. माणूस कसा ओळखायचा सांगा मला. मी खाली अंधारात, माझा जीव त्या दोरीवर, आणि दोरी त्याच्या हातात. बायकोवर जेवढा विश्वास नसेल तेवढा त्याच्यावर — असं मी म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो. इत्तो हसायची.

तर दोन वर्षांपूर्वी असंच कोणीतरी टॉर्चा वाटून गेलं. तुम्ही नव्हता, दुसरे होते. चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पाण्यात पडली तरी चालायची, दहा तास उजेड. दोन मिळाल्या. एक माझ्या कपाळावर, एक वर बासूच्या थैलीत. माझी पिवळी पडायला लागली की मी दोरीला गाठ मारून झटका द्यायचो, बासू दुसरी बादलीतून खाली सोडायचा. कधी अडचण नाही आली. त्या भोकाचं बासूनंच मला दाखवलं होतं पहिल्या दिवशी, म्हणाला, बघ हद्दू, हिच्यावर फोनपण भरतो. मी म्हटलं, मला काय त्याचं, माझ्याकडे फोन कुठाय.

नाही, नाहीच वापरत. होता आधी घरात एक. मी फोडला. ते पुढे सांगतो. नाही, नाही सांगत, त्याचा टॉर्चशी संबंध नाही.

मंगळवारचं सांगतो. दीडेक वर्ष झालं असेल, इत्तो मंगळवारी विहिरीवर यायला लागली. लग्न झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं यायची ती, भाकरी-चहा घेऊन, मग घर, गाय, गुडघे, येणं थांबलं. पंचवीसएक वर्षं मी सकाळी बांधून दिलेली भाकरी खाल्ली. आणि अचानक एक दिवस दुपारी बादलीतून गरम भाकरी खाली आली, कांदा-चरबी भरलेली, अजून वाफ येत होती. वरून तिचा आवाज आला — खा, गार होईल. मी खाली चिखलात बसून खाल्ली. मला काय वाटलं असेल? तुमचं लग्न झालंय? नाही? मग राहू द्या. पुढच्या मंगळवारी परत. त्याच्या पुढच्या मंगळवारी परत. आणि भाकरी खाली सोडून ती लगेच जायची नाही, वरच थांबायची, अर्धा तास, पाऊण तास. मला वरून हसू ऐकू यायचं. विहिरीतून आवाज खाली येतो तो वेगळाच येतो, शब्द विरघळतात, नुसता सूर राहतो. तर इत्तोचं हसणं. असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं — म्हणजे ऐकलं होतं, फार पूर्वी, एका वेळेला. मी खाली फावडं मारत असायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारपणी बायकोला माझी माया आली. मंगळवारी मी दाढी करून निघायचो, बाई. चिखलात उतरायला दाढी. बासू बघायचा आणि काही बोलायचा नाही. आता वाटतं, त्या वेळी त्यानं एक शब्द बोलायला हवा होता. एकच. मग मी त्याला माफ केलं असतं.

मग खजूर उतरवायचे दिवस आले. मंगळवार. आम्ही सतराव्या विहिरीवर होतो, मी वरच्या अंगाला अठरावीकडे सरकत होतो, तिथे मुळांनी पाट अर्धा बंद केला होता. अठरावीचं तोंड फरशीनं बंद असतं, वाळू आत पडू नये म्हणून, त्यामुळे तिकडून उजेड नाही. माझी टॉर्च पिवळी पडली. मी दुसरी मागवली, आली, कमरेला खोचली आणि पुढे गेलो. लावून बघितली नाही. का बघायची? तेहतीस वर्षांत बासूनं खाली पाठवलेली वस्तू मी कधी तपासली नव्हती. तीसेक पावलं आत गेलो असेन, पाट वळतो तिथे, आणि पहिली विझली. दुसरी दाबली. ती दोनदा लाल झाली, डोळा मिटल्यासारखी, आणि गेली. परत दाबली. काही नाही.

काळोख म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळणार. रात्र नव्हे. रात्रीला आभाळ असतं. मी भिंतीला हात लावून मागे वळलो, वाट तर माझ्या पायाला पाठ आहे, पण वळताना खांद्यावरचं फावडं छताला लागलं. उजेड असता तर लागलं नसतं. तिथली माती सैल आहे हे मला दिसलं असतं, मी वाकलो असतो. ती खाली आली, आधी मूठभर, मग सगळी. माझ्यापुढे, म्हणजे सतराव्या विहिरीच्या आणि माझ्या मधे. माझा डावा पाय घोट्यापर्यंत त्यात. आणि पाणी तर वरून वाहत येतंच आहे ना. त्याला पुढे जायला वाट नाही. ते चढायला लागलं. गुडघा. मांडी. मी हातानं माती उकरत होतो आणि ओरडत होतो, आणि माझाच आवाज माझ्या तोंडावर परत येत होता. दुपारची बांग झाल्यावर मी उतरलो होतो. पाणी कमरेला लागलं तेव्हा किती वाजले असतील मला माहीत नाही. अल्लाची शपथ, मला भीती मरणाची नव्हती. मी सारखा तेच म्हणत होतो, टॉर्च भरलेली होती. सकाळी त्यानं माझ्यासमोर चार्जिंगच्या वायरीवरून काढली, हिरवा दिवा होता. भरलेली टॉर्च थैलीत पडून कशी मरेल?

मग पलीकडून खरवडल्याचा आवाज. बासू उतरला होता. त्याचंही वय साठच्या पुढे, गुडघा वाकत नाही, आणि तो विहिरीच्या भिंतीतल्या खोबणींत पाय टाकत उतरला. दोरी इत्तोनं धरली होती, एकटीनं, रहाटाला पाय लावून. तो हातानं माती काढत होता. नख गेलं त्याचं एक. हे मी सांगतोय बरं का, लपवत नाही, त्यानं मला बाहेर काढलं हे मी कोणालाही सांगेन. छताखाली वीतभर फट पडली, पाणी फसकन तिकडे गेलं आणि फटीतून उजेड आला. पांढरा, बारीक. मी म्हटलं, पाय अडकलाय, मला दिसत नाही. तर त्यानं फटीतून हात घातला आणि उजेडच माझ्या हातात दिला. त्याचा फोन. फोनच्या पाठीला तो छोटा दिवा असतो ना, तो लागलेला.

मी पायाकडे उजेड धरला. मोकळा करायला वेळ लागला. अंगठा कुठेतरी लागला असेल, फोनची काच उजळली, आणि त्या काचेवर एक पोर. वर्षभराची मुलगी, तोंडाला दही लागलेलं, आणि भुवया — या अशा, मधे जुळलेल्या. इत्तोच्या भुवया. माझ्या घरात एकाच माणसाच्या भुवया तशा होत्या तिच्यानंतर. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा, पाय सोडवायचा सोडून बघत राहिलो. मी विचारलं, 'बासू, ही कोण?' तो पलीकडून म्हणाला, 'आधी बाहेर ये.'

पाणी प्या तुम्ही. थांबा, मी देतो. तोंड सुकलं तुमचं माझं ऐकून.

हो. मुलगा आहे. तिथे तुम्ही 'नाही' लिहिलंय ना, राहू द्या. नाही म्हणजे तशी सोय केलीय मी. लहबीब त्याचं नाव. सोळाव्या वर्षापासून माझ्याबरोबर आत उतरायचा, माझ्यापेक्षा चांगला, मातीवर हात ठेवून सांगायचा, बाबा, ही आज पडेल. पडायची. मग वरच्या अंगाला ती मोठी खजुराची बाग आली, त्यांनी विहिरी पाडल्या, दीडशे-दोनशे मीटर खोल, आणि आमचं पाणी अर्धं झालं. आणि माझा मुलगा, चोवीस वर्षांचा, गावासमोर उभा राहून म्हणाला, खत्तारा संपली, मी त्या विहिरी पाडणाऱ्या गाडीवर कामाला जातो. समजलं का तुम्हाला? ज्या यंत्रानं माझं पाणी ओढलं, त्या यंत्रावर. मी तिथेच, मशिदीच्या पायरीवर, सगळ्यांदेखत शपथ घेतली — ज्या तोंडातून याचं नाव निघेल ते तोंड माझ्या घरातलं नाही. घरी आलो आणि फोन दगडावर आपटला. तो त्याच दुपारी गेला. चार वर्षं झाली. वर्षभर त्या गाडीवर होता म्हणे, मग अगादीरला गेला, बंदरावर. हे मला आता कळलं. तेव्हा मला तो जिवंत आहे की नाही हेही माहीत नव्हतं. चार वर्षं मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही, खरंय. पण मी विचारणार नाही हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी सांगायला नको?

वर आलो. इत्तोच्या तळहाताची कातडी दोरीनं सोललेली होती, ती तशीच उभी, ओढणी डोक्यावरून खाली आलेली. मी तिला एवढंच विचारलं, 'किती दिवस?'

ती म्हणाली, 'जन्मली तेव्हापासून.'

आता बघा कसं होतं ते. गावात खाली, खजुरांत, फोन आवाज पकडत नाही. विहिरींच्या उंचवट्यांवर पकडतो. मंगळवारी त्याला बंदरावर सुट्टी. तो तिकडून पोरीला फोनसमोर धरायचा, इकडे इत्तो बघायची, कधी तूदाही यायची. बासूचा फोन जुना, चित्र लावलं की वीस मिनिटांत मरतो. मग काय करायचं? थैलीत टॉर्च आहेच की. भोक आहेच. माझ्या डोक्यावर, चौदा मीटर वर, माझी नात रांगायला लागली, उभी राहिली, आणि त्याला लागणारी सगळी वीज माझ्या उजेडातून गेली. मी खाली चिखलात बसून भाकरी खात होतो, दाढी करून. इतके दिवस ते मोजून घ्यायचे, माझ्यापुरता उजेड राहील एवढं ठेवायचे. त्या दिवशी पोरगी पहिलं पाऊल टाकत होती, म्हणून जास्त वेळ चाललं. इत्तोनं सांगितलं हे. रडली नाही. सांगितलं.

बासूनं काय म्हटलं सांगू? तो मातीनं माखलेला, धापा टाकत, म्हणाला, 'तू शपथ घातली होतीस. आम्ही नाव घेतलं नाही. एकदाही नाही. नुसतं बघितलं.'

आणि खरं आहे ते. इत्तो फोनवर त्याला काळजा म्हणायची म्हणे. काळजा, जेवलास का. नाव घेतलं नाही. माझी शपथ त्यांनी अशी पाळली की तिच्यात मीच तेवढा बाहेर राहिलो. एखाद्यानं शपथ मोडली असती ना, माझ्यासमोर येऊन, तोंडावर, तर मी — काय केलं असतं माहीत नाही. ओरडलो असतो. पण मला कोणी तो मोका दिलाच नाही. इत्तो आई आहे, तिचं मी समजू शकतो, रागावलोय पण समजू शकतो. तूदाचंही. बासूचं नाही. दोरी त्याच्या हातात होती. त्याला माझ्या जिवाचा भार रोज कळायचा, किलोत कळायचा. तेवढा भार हातात धरून त्यानं थैलीतून माझा उजेड काढून दिला आणि मला बादलीतून रिकामी टॉर्च पाठवली. मुद्दाम नाही, मला कळतं. विसरला. हसण्याच्या भरात विसरला. पण तेहतीस वर्षं जो विसरला नाही, तो माझ्यावाचूनच्या सुखात विसरला, हे मला गिळवत नाही बाई.

चार महिने झाले. मी उतरलो नाही, तो दोरीवर आला नाही. एकदा दाराशी आला होता. बाहेरूनच म्हणाला, मला मार, शिव्या दे, पण पाणी आटतंय. मी आतून कडी घातली. गावातली चार माणसं येऊन गेली, प्रमुख येऊन गेला. तुम्हालाही त्यानंच पाठवलंय ना माझ्याकडे आधी? राहू द्या, मान हलवू नका, मला कळतं. दुसरा कोणी दोरी धरेल का, विचारतात. धरेल की. हातपाय असलेला कोणीही धरेल. पण मी उतरेन का? परवा गेलो होतो सतराव्या विहिरीवर, एकटाच. काठावर बसलो. खाली बघितलं. मला उतरता येईना. हे कागदावर नका लिहू.

दुसरं कोणीतरी म्हणालं, बरं झालं ना, त्या भोकामुळेच फोन भरलेला होता, म्हणून बासूला खाली उजेड मिळाला, नाहीतर तू गेलाच होतास. हो, मीही तो हिशेब करून बघितलाय, चार महिने दुसरं काय करतोय. टॉर्च रिकामी झाली म्हणून मी अडकलो, फोन भरला म्हणून मी सुटलो. मग भोक चांगलं की वाईट? तुमच्या कागदावर 'हो' आणि 'नाही' एवढीच घरं आहेत. तर 'नाही' लिहा. कारण टॉर्चवर हिरवा-लाल दिवा असतो, किती उरलं ते दाखवतो, पण कोणासाठी किती गेलं ते दाखवत नाही. ज्याच्या कपाळावर ती आहे त्याला कळलं पाहिजे. तेवढं जर कोणी बनवत असेल तर आणा, मग बघू.

परवा चुलीपाशी इत्तो आणि तूदा बसल्या होत्या, मी भिंतीपलीकडे गाईला चारा टाकत होतो. इत्तो म्हणाली, इज्जाला वरच्या दोन दाढा आल्या. मी तसाच उभा राहिलो चारा हातात घेऊन. माझी आई जाऊन एकवीस वर्षं झाली, तिला आता दात कुठून येणार? मग समजलं. माझ्या आईचं नाव ठेवलंय त्यानं पोरीला. मी ज्याचं नाव पुसलं, त्यानं माझ्या आईचं — इज्जा. इज्जाला दात — 

नाही. मी काही म्हणालो नाही. तुम्ही काय लिहिता आहात? खोडा. खोडा ते. असल्या गोष्टी टॉर्चच्या कागदावर कशाला हव्यात.

सही कुठे करू? अंगठा नाही, मला सही येते. इथे? झालं. मला साधी द्या, बिनभोकाची. एकच. दुसरी कोणती हवी ते बासूलाच विचारा, निळं दार आहे, लिंबाच्या झाडाशी. त्याला भोकवाली हवी असेल तर भोकवाली द्या. मी सांगितलं म्हणून नाही, तो स्वतः मागेल. आणि जाताना या पाटाच्या काठानं जा, आमच्या दारावरून नको. इत्तो बाहेर बसली असेल, ती कोणालाही चहाशिवाय सोडत नाही, आणि तुम्ही बोलायला गोड आहात, तुमच्या तोंडून पोरीचं नाव निसटेल. मग तिला कळेल की मला माहीत आहे. तिला अजून वाटतंय मला माहीत नाही.

उठा आता. मला पाणी वळवायचंय.